ऐकू येणारा उमेदवार

नाना, तुम्ही गेल्यावर कारखान्यात मी पहिली बदलली ती तुमची बसायची जागा. भट्टीशेजारचा तुमचा पाट उचलला आणि तिथेच खड्डा खणला. तेजाबातून काढलेले हंडे धुतल्यावर जे हिरवट पाणी तुम्ही गटारात, म्हणजे पुढे गोदावरीत सोडायचात, ते आता त्या खड्ड्यात चुना टाकून निवळतं. जागा दुसरीकडेही होती. मला तीच हवी होती.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. नव्वदनंतरची ती वर्षं; घरोघरी स्टील शिरलेलं, तांब्याच्या हंड्याला गिऱ्हाईक शोधावं लागायचं. मी चाळिशीला आलो होतो, तरी तुमच्या लेखी शिकाऊ उमेदवारच. रीत तुम्हीच घातलेली. कारागीर पाठमोरा बसलेला असताना तुम्ही मागून हलकेच हाक मारायचात. तो वळला तर अजून कच्चा. नाही वळला, तर ठोक्यांनी कान गेले, म्हणजे हात बसला. मग त्याला हंड्यावर चकचकीत ठोक्यांच्या रांगा उठवायचं मठारकाम मिळायचं. काही जण लबाडीनं ढिम्म बसून राहायचे. मी दर वेळी वळायचो. मला माझे कान हवे होते, नाना. शाळेत गुरुजींनी चालीवर म्हणून घेतलेल्या कविता मी दिवसभर हातोडीच्या तालावर पुटपुटायचो, आणि संध्याकाळी घाटावर टेकलो की त्या गुरुजींच्या आवाजात, किंचित खोकल्यासकट, परत ऐकू यायच्या. सबंध दिवसात तेवढंच माझं होतं.

म्हणून एका सकाळी तेलात भिजवलेला कापूस कानांत घालून मी ऐरणीवर बसलो. तुम्ही उठता, माझ्यामागे येता आणि दोन्ही बोळे ओढून काढता.

"काय कवी, बापाचं ऐकायचं नाय म्हणून बुचं मारली का?"

सगळे हसतात. तुमच्या वयाचे मिस्त्री तेवढे म्हणतात, "ऱ्हाऊ द्या ना नाना. सातपूरच्या कंपनीत बी लावतात म्हणे कानाला."

"तिथं बोल्ट होतात. इथं हंडा होतो." बोळे भट्टीत जातात. तेलामुळे भस्सकन पेटतात.

त्या दिवसापासून तुम्ही मला जाड पत्रा ठोकायला बसवलंत, सगळ्यांत मोठ्या आवाजात. गुरुजींचा खोकला आधी गेला, मग कवितांची चाल गेली. आणि एकदा तुम्ही मागून हाक मारलीत तेव्हा मी वळलो नाही. ती लबाडी नव्हती. तुम्ही कारखानाभर पेढे वाटलेत. माझ्या तोंडात पहिला पेढा तुम्ही स्वतःच्या हातानं घातलात. त्याची चव मी अजून विसरलेलो नाही.

पुढे तुम्ही गेलात आणि सगळं माझ्या हाती आलं. कारागिरांसाठीच्या एका सरकारी शिबिरात जाऊन मी शिकून आलो. आता निम्मे लोक ठोकतात तेव्हा निम्मे उजळायला बसतात, म्हणजे आवाजही निम्मा. कानावर टोपणं असल्याशिवाय कुणाच्या हाती हातोडी पडत नाही. हाक मारायची रीत मी मोडली नाही, उलटी केली: जो वळत नाही त्याला त्याच दिवशी ऐरणीवरून उठवतो आणि डॉक्टरकडे धाडतो. कंपनीत गेलेली आळीतली दोन पोरं परत आली. हॉटेलवाले हातठोकीच्या भांड्यांसाठी थांबून राहतात. तयार मालाची गाडी भरली की मी देवाकडे बघत नाही, तुमच्या फोटोकडे बघतो.

पहिल्या खंडेनवमीला अवजारांच्या पूजेत मी त्या फोटोलाही टोपणं घातली. तुमची सून दोनदा ओरडली तेव्हा मला कळलं.

"अहो, नानांना हे काय? लोक काय म्हणतील?"

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो. कारागीर हसले. हसताना कसे दिसतात ते मला अजून दिसतं.

सगळं चांगलं झालं, नाना, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट मी तुम्हाला खोटं पाडायला केली. तुम्ही ते बघायला नाही, एवढीच चडफड राहिली.

हे तुमच्या फोटोपुढे उभं राहून तोंडानंच सुनावणार होतो. कागद घेतला, कारण माझा आवाज आता केवढा निघतो ते मला समजत नाही. सगळ्या आळीला ऐकू गेलं असतं. आणि तुमच्याबद्दलचं हे आळीनं ऐकावं, असं मला अजूनही वाटत नाही.