महिनाअखेरची फाइल

प्रिय साहेब,

दचकू नकोस. कारखान्यात सगळ्या तुला साहेबच म्हणतात, आणि नावाने हाक मारून पत्र सुरू करायला माझा हात काही वळेना, म्हणून त्यांचंच संबोधन उसनं घेतलं. खरं तर फोनच करणार होते. पण आपले फोन कसे असतात ते तुला ठाऊक आहे. मी 'हॅलो' म्हणते, तू 'कुठली एरर आली?' असं विचारतोस, मी स्क्रीनवरचं अडखळत वाचून दाखवते, तू कुठलं बटण दाबायचं ते सांगतोस, की संपलं. तू वेगळा राहायला लागल्यापासून आपलं बोलणं हे एवढंच. आज कुठलीच एरर नाही, त्यामुळे फोन हातात घेऊनही काय बोलावं ते मला सुचेना.

आधी त्या दिवसाचं बोलते. 'उद्यापासून येऊ नकोस, माझं मी बघते,' असं मी म्हणाले. तू चष्मा काढून डबीत ठेवलास, 'बरं' म्हणालास आणि जिना उतरून गेलास. त्यानंतर तुझा फोन नाही. महिनाअखेर आली आणि गेली, तरी तू फिरकला नाहीस. मी तुला हाकलून दिलं असंच तुला वाटलं असणार. आपल्या कटिंग मास्तरांना तर नक्कीच तसं वाटलं. दोन दिवस ते कात्री चालवत होते आणि माझ्याशी कामापुरतं बोलत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला आठवत नाही, कटिंगवाल्या माणसाला बहुतेक सरळ रेघ ओढणारा माणूसच आवडतो. तू आता या जिन्यावर पुन्हा पाऊल ठेवणार नाहीस ही धास्ती मला बसली आहे. म्हणून हे पत्र अर्धवट सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी किती खूश होते, आठवतं? शाळा आणि हॉस्पिटलं गणवेशांच्या ऑर्डरी नव्या पद्धतीच्या फायलींमधून पाठवायला लागली होती आणि आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर त्या उघडायच्याच नाहीत. नवा कॉम्प्युटर, नवं एक्सेल, सगळं कसं चकचकीत. मग तू बनवलेली याद्यांची फाइल उघडली. वर एक पिवळी पट्टी आली, मॅक्रो, म्हणजे तू लिहिलेले ते आपोआप काम करणारे हुकूम, बंद ठेवले आहेत म्हणून. ती पट्टी घालवली, तर तू केलेला मेनू जागेवर नाही. 'यादी काढा' हे बटण दाबलं, तर ढिम्म. मापांवरून कुठल्या साइझचे किती नग, कुठल्या ताक्यातून किती कापड, कुठला गठ्ठा कुठल्या मशीनवर, हे सगळं ज्या एका बटणावर चालायचं ते बटण मुकं झालं. मास्तर कापड पसरून उभे आणि यादी नाही.

तू आलास, दुपारभर बसलास, आणि शेवटी म्हणालास की हे नव्या आवृत्तीत चालायला वेळ लागेल, तोवर मी रोज येऊन हाताने यादी काढून देतो. आणि आलासही. खिडकीजवळच्या टेबलाशी, पट्टीने रेघा मारून, तुझ्या त्या सुबक अक्षरात. कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकवालीने तुझी एक यादी घरी नेली, मुलाला दाखवायला, अक्षर असं असावं म्हणून. तुला हे कोणी सांगितलं नसेल.

ते दिवस मला फार आवडले, हे आता सांगून टाकते. पूर्वी तू कारखान्यात बसायला लागलास, तुझी कंपनी बंद पडल्यावर, तेव्हा मी वैतागायचे. गठ्ठे असे लावा, दोरे तसे ठेवा. एका छताखाली दोन मुकादम, दुसरं काय होणार? कारखान्यातलं भांडण घरी जायचं, घरातलं कारखान्यात यायचं. आपण न भांडता वेगळे झालो असं लोक म्हणतात. भांडून भांडून दमलो होतो, हे त्यांना कुठे माहीत! पण या वेळी तू कोणाला काही सांगितलं नाहीस. यादी काढायचास, चहा घ्यायचास, कधीतरी मान वर करून लेकीचा फोन आला होता का एवढं विचारायचास. आणि मी न सांगता दोन कप भरायला लागले होते. एका दुपारी तू म्हणालास, 'सापडेलसं वाटतंय, दोन दिवसांत चालू होईल.' फाइल चालू झाली तर हा उद्यापासून येणार नाही, हे पहिलं मनात आलं. मी कारखान्याची मालकीण, मास्तर यादीसाठी खोळंबलेले, आणि मी मनातल्या मनात म्हणतेय, नको चालू व्हायला. त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला येऊ नकोस म्हणाले.

मग काय, कंबर कसली. वरच्या मजल्यावर त्या निवृत्त बाई राहतात ना, पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायच्या, त्यांच्याकडे गेले. म्हटलं, एवढं दुरुस्त करून द्या. त्या म्हणाल्या, 'मी माउसला हात लावणार नाही. तुम्ही करायचं, मी बोट दाखवणार.' मला वाटलं, विनोद करतायत. नव्हत्या करत. पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. फाइल नव्या प्रकारात सेव्ह करायला गेले, एक्सेलने काहीतरी लांबलचक विचारलं, आणि मी नेहमीप्रमाणे न वाचता 'हो' दाबलं. पुन्हा उघडते तर आकडे आहेत, रंग आहेत, मॅक्रो एकही नाही. सगळे पुसले गेले होते. एक्सेलनेच विचारलं होतं म्हणे, मॅक्रोशिवाय ठेवू का, आणि मीच हो म्हटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, 'मूळ प्रत असेलच.' ती होती, बटणांच्या डब्यात. तू पेन ड्राइव्ह तिथे ठेवलास तेव्हा मी हसले होते, आठवतं? आता हसत नाही.

त्यानंतर मात्र मी कोड एकेक ओळ वाचला. बाई सांगत गेल्या तसं कळत गेलं, की हे जुना कोट उसवण्यासारखंच काम आहे. कापड चांगलं असतं, दोरा तेवढा कुजलेला असतो. काही ओळी लाल झाल्या होत्या, त्यांत एकेक नवा शब्द घातल्यावर त्या गप्प बसल्या. तारीख निवडायला तू जे छोटं कॅलेंडर बसवलं होतंस, ते नव्या आवृत्तीत मिळतच नाही. आता सरळ चौकटीत तारीख लिहायची. आणि फाइल अजून त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरचाच पत्ता शोधत होती, जो केव्हाच भंगारात गेला. 'यांना घर बदललेलं कोणी सांगितलंच नाही वाटतं,' असं बाई म्हणाल्या.

एक गंमत सांगते. गठ्ठ्यांची लेबलं छापण्याआधी तू काही सेकंद थांबायला लावलं होतंस, जुना प्रिंटर अडखळायचा म्हणून. नव्या प्रिंटरला त्याची गरज नाही, म्हणून मी ते काढून टाकलं. बटण दाबलं की लेबलं हजर. मला वाटलं, सगळ्या टाळ्या वाजवतील. तर ओव्हरलॉकवाली कमरेवर हात ठेवून आली: 'ताई, तेवढ्यात आम्ही पाठ सरळ करायचो, ते का बंद केलं?' तिच्यामागे काजं करणारी, तिच्यामागे इस्त्रीवाली. मी मुकाट्याने ते थांबणं परत घातलं. बाईंनी विचारलं, याचं तांत्रिक कारण काय लिहायचं? म्हटलं, लिहिते, 'पाठ सरळ करायला'.

सगळं चालतंय की नाही हे तपासायला मी तुझ्या हाताने काढलेल्या याद्या घेतल्या आणि मॅक्रोच्या याद्यांशी ताडून पाहिल्या. सगळं तंतोतंत जुळलं, फक्त हॉस्पिटलच्या कोटांत एका साइझला फरक येत होता. अख्खी दुपार मी माझी चूक शोधली. चूक तुझी निघाली. हे लिहिताना मला किती आनंद होतोय ते तुला दिसायला हवं होतं. घाबरू नकोस, मास्तरांनी कापायच्या आधीच ओळखून दुरुस्त केलं होतं आणि तुझी लाज राखायला कोणाला बोलले नव्हते.

आणि मग शेवटचं उरलं ते महिन्यांचं. तू दर महिन्यासाठी वेगळा मॅक्रो लिहिला होतास. जानेवारीचा वेगळा, फेब्रुवारीचा वेगळा, अशी ही लांबच लांब माळ, वर्षानुवर्षांची. दर महिनाअखेरीला तू यायचास, मागच्या महिन्याचा मॅक्रो उचलून खाली डकवायचास, महिन्याचं नाव बदलायचास, चहा घ्यायचास आणि जायचास. बाईंनी ती माळ पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, 'हे एकदाच लिहून चालतं. महिना त्याला आपला आपण कळतो. लिहिणाऱ्याला एवढं येत नव्हतं?' मी जरा चिडूनच म्हटलं, येत होतं, वर साइझसाठी त्याने एकदाच लिहिलंय, बघा. बाईंनी पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण झाली.

मी एकटीच बसून राहिले. तू हे मुद्दाम केलंस, की सवयीने, की आळसाने, ते मी तुला विचारणार नाही, आणि तूही सांगू नकोस. एवढं मात्र मला स्पष्ट दिसत होतं, की ही माळ काढली की फाइलला तुझी गरज उरणार नाही. मग तू महिनाअखेरीला येणार कशाला? काय निमित्ताने? आपल्याला बांधून ठेवणारं दुसरं काही राहिलंच नव्हतं. लेक मोठी झाली, तिच्या घरी गेली. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, 'आई, मग नको काढूस. राहू दे ना तसंच, बिघडलं कुठे?' माया आहे पोरीची. पण मी काढलं. सगळे महिने पुसले आणि त्या जागी थोड्याशा ओळी लिहिल्या, माझ्या हाताने. चालवून पाहिलं. चाललं. पुढचा महिना, त्याच्या पुढचा, पुढच्या वर्षीचा, सगळे चालले. मास्तरांच्या हातात यादी ठेवली, त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, 'बरोबर आहे. साहेब येणार नाहीत का मग आता?' मला रडू आलं, ते मी शिंकण्यावारी नेलं.

तर आता मुद्द्याचं. तुला येऊ नकोस म्हणाले ते यासाठी, की काम अडलंय म्हणून मी तुला बोलावते की तू हवा आहेस म्हणून, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं. आणि तूही उपयोगी पडायला येतोस की माझ्याकडे येतोस, हे तुला तरी कळत होतं का? अडलेल्या माणसाच्या बोलावण्यात काही खरं नसतं, म्हणून आधी मी अडणं संपवलं. आता कारखाना चालतो, फाइल चालते, मास्तरांना वेळेवर यादी मिळते. तुझ्यावाचून माझं काहीही थांबलेलं नाही, हे मी नीट तपासून पाहिलं आहे. आणि तपासून झाल्यावरही रोज दुपारी त्या खिडकीकडे बघून मला वाईट वाटतं. म्हणून विचारते, परत राहायला येशील? कारखान्यात बसायला नको, घरी ये. 'नाही' म्हणायचं असेल तर तसं म्हण, मी समजून घेईन, फक्त ते येऊन सांग. काम काही नाही रे. तू हवा आहेस.

अजूनही,
तुझीच