तुमची भट्टी मी बंद केली

आप्पा, तुम्ही जन्मभर ज्या फाउंड्रीत राबलात, तिथली कोकची भट्टी विझवायचं काम शेवटी माझ्याच वाट्याला आलं. बेळगावातल्या लहान फाउंड्र्यांनी दगडी कोळशाचा कोक सोडून विजेवर लोखंड वितळवायचं, त्यासाठी मालकांना पटवायचं, कामगारांना नवं काम शिकवायचं, हे सगळं आमच्या सरकारी खात्याकडं आहे, आणि खात्यात ते माझ्याकडं. भट्टी बंद करायच्या कागदावर सही माझी आहे.

मी सातवीत असतानाची एक संध्याकाळ सारखी आठवते. पिरनवाडीच्या घरामागं दोरीवर माझा शाळेचा पांढरा शर्ट वाळत घातलेला, त्यावर काजळी बसलेली. तुम्ही कामावरून येता, डोळे लाल. आई गरम पाणी काढून देते, मोरीतून काळं पाणी वाहत जातं. घशातली धूळ उतरावी म्हणून तुम्ही गुळाचा खडा चघळत असता. मी शर्ट तुमच्यापुढं धरते आणि म्हणते, "ती भट्टी बंद पडू दे एकदाची." तुम्ही आवाज चढवत नाही. "असं म्हणू नये गं. त्या भट्टीवर आपली चूल पेटती," एवढंच म्हणता, आणि शर्ट घेऊन स्वतः मोरीत बसता. जागोजागी भाजलेल्या हातांनी साबण लावता, मधेच खोकता. चुलीच्या उबेला वाळलेला तो शर्ट घालून मी शाळेत गेले. पुढं त्याच खोकल्यानं तुम्हाला नेलं.

भट्टी विझवली त्या दिवशी मालकाच्या नातवानं नारळ फोडला, पेढे वाटले. कोक फोडणाऱ्या बायका भिंतीशी बसून होत्या. ती ठेकेदाराची माणसं. फाउंड्रीच्या हजेरीपटावर त्यांची नावं कधी नव्हतीच, म्हणून आमच्या योजनेतही नव्हती. त्यांतली एक, तुमच्या शेजारी बसून भाकरी खायची ती, माझ्याकडं बघत राहिली.

"तू आप्पांची लेक न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"धूर गेला, लई बरं झालं. माझा बी दमा उतरंल. पर आता आमी जायाचं कुठं, तेवढं सांग."

मी शिवणाच्या वर्गाचं सांगितलं. तिनं हात पुढं केला. हातोडी धरून धरून बोटं वाकडी झाली होती. "ह्यात सुई धरवत न्हाय गं," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना भेटून म्हटलं, या बायकांसाठी काहीतरी करायला हवं. "नोडोण, नोडोण," ते कन्नडात म्हणाले. बघू, बघू. माणूस वाईट नाही, आप्पा. मंजूर झालेल्या योजनेत त्यांनाही त्या बायका कुठं बसवता येईनात. मग मी मालकांच्या मागं लागले, तेव्हा त्यांनी तिघीचौघींना वाळू चाळायला घेतलं, त्याही तरण्याताठ्या. बाकीच्या सांबऱ्याकडं बांधकामावर जातात. ती कुठंच जात नाही. परवा तिच्या घरी गेले तर दारात ऊन खात बसली होती. श्वास खरंच मोकळा झाला आहे. तिनं कोरा चहा दिला. "आता दम लागत न्हाय," म्हणाली, "पर दिस सरत न्हाय बघ." मी चहा पिऊन उठले.

हे कुठल्या पत्त्यावर धाडणार? लिहून झालं की टेबलाच्या खणात ठेवीन. फक्त एक सांगायचं आहे. बैठकीत भट्टी बंद करायला कुणी कुरकुरलं की मी म्हणते, माझे वडील ह्याच धुरानं गेले. मग सगळे गप्प होतात, आणि काम पुढं सरकतं. पण तुम्ही त्या खोलीत असता, तर माझ्या बाजूला बसला असतात की समोर त्यांच्यात, ते मला माहीत नाही.