सोजरबाईंची भाकरी

सोलापूर, ११ मे १९७८

आदरणीय निमकर सर,

मांडीच्या हाडाचा तो दुर्मीळ कॅन्सर झालेली माणसं कशी जगतात, हे विचारायला तुम्ही मला गावोगाव पाठवलंत. बार्शीजवळच्या सोजरबाईंचं उत्तर वाचून तुम्ही खूश झालात. ‘घरकाम जमतं का?’ यापुढे मी ‘जमतं’ लिहिलं होतं. का नाही लिहिणार? माझ्यासमोर त्यांनी चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. "भर दुपारची आलीस, तशीच जातीस व्हय गं?" म्हणाल्या. मी पोटभर जेवले.

स्टँडवर आल्यावर छत्री राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून परत गेले. सोजरबाई चुलीपाशीच आडव्या झाल्या होत्या. ओरडू नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. त्यांचे मालक महिपतराव त्यांचा पाय धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "संक्रांतीपासनं मीच भाकरी करतोय, बाई. तू आलीस म्हनून उठली ती."

छत्री न घेताच मी निघाले.

तेव्हापासून मला चैन नाही, सर. हे पत्र दोनदा पाकिटात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं. उत्तर चुकलंय असं कळवलं, तर तुमच्या नियमाप्रमाणे तपासायला दुसरं माणूस जाईल.

त्याच्यासाठीही सोजरबाई उठतील.

तुमच्याच कामावरची,
अमिना शेख