जिन्यातल्या चपला

१४ जुलै ९७, सोम.
मधल्या सुट्टीत हेडसरांनी बोलावलं. वरून पत्र आलंय, गुरुवारी आगीची कवायत. लांब घंटा झाली की सगळी शाळा रांगेने खाली. शाळेच्या खालीच लूमचं खातं, कापडाच्या मागांचा दिवसभर नुसता खडखडाट, घंटा ऐकू आली तरी पुष्कळ. आणि जिना एकच. तोही असा की दोन जाड माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे फिरायचं. हेडसर म्हणतात, "बाई, नुसतं उतरायचं तर आहे." उतरायचंय म्हणूनच जीव घाबरतोय. माझी चौथी सगळ्यात वरच्या मजल्यावर.

१७ जुलै, गुरु.
झाली कवायत. झाली कसली, पुरती वाट लागली.
घंटा झाली. माझी पोरं शहाण्यासारखी उठली, रांग केली, दारापर्यंत आली आणि दारातच खाली बसली. चपला घालायला! रोज आम्ही सगळेच बाहेर काढून ठेवतो, पावसात सगळ्या चिखलाने माखलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या. "ही माझी." "तुझी नाही, तुझी ती." मागून तिसरीचा वर्ग येऊन थडकला. मी ओरडतेय, राहू द्या चपला, राहू द्या! कोण ऐकतंय. माझ्या वर्गातल्या मंदाची एक चप्पल कुणाच्या तरी पायाने जिन्यावर उडाली. ती पकडायला धावली आणि घसरत खाली गेली. डावा हात मोडला.
बंबवाले गुजराती भाई खाली उभे होते. "आगमां चंपल कोण जुए, बेन?" त्यांना काय सांगणार, आमची पोरं बघतात म्हणून?
हेडसरांनी वर कळवलं, कवायत यशस्वी, किरकोळ दुखापत. किरकोळ! फार राग आला.

१८ जुलै, शुक्र.
शाळा सुटल्यावर मंदाच्या घरी. तिची आई दारात बसून साड्यांचे धागे कापत होती. भांडेल असं धरूनच गेले होते. तिने चहा टाकला.
"तिले मीच सांगेल व्हतं बाई, चप्पल दवडी तं घर येऊ नको. पोरनी ऐकं मनं." पोरीने आपलं ऐकलं म्हणून रडायलाच लागली.
भांडली असती तर बरं झालं असतं. चपला दाराबाहेर, जोडी नीट लावून, हे रोज सकाळी मंदाला कोण सांगतं? मीच.
मंदा प्लास्टर सांभाळत म्हणाली, "बाई, सापडली का?"

२१ जुलै, सोम.
हेडसरांपुढे विषय काढला. पावसाळाभर तरी मुलांना चपला घालून वर्गात बसू द्या. पायातच असल्या तर शोधायचा प्रश्नच नाही.
"बाई, सतरंजीवर बसतात मुलं. तिथेच डबे खातात. चिखलाच्या चपला? वर भिंतीवर एकीकडे सरस्वती, एकीकडे बाबासाहेब. दोन्हीकडचे पालक कधी एका गोष्टीवर एकत्र येत नाहीत, ह्या गोष्टीवर येतील. मला मारायला."
हसू आलं आणि त्यांचं खरंही वाटलं. मला तरी आवडेल का, चपला घालून डबा उघडलेला?
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग आता स्वैपाकही चपला घालून कर." ह्यांना सगळ्याची थट्टा.

२४ जुलै, गुरु.
आपणच मार्ग काढायचा. गणिताच्या तासाला आमच्या वर्गापुरती कवायत. मी टेबल वाजवायचं, पोरांनी अनवाणी उतरायचं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, घंटा झाली की चप्पल विसरा.
मंदा आलीय. हात गळ्यात. तिचा प्रश्न, "आणि गेली तर?"
"गेली तर मी आणून देईन. घरी कुणी बोललं तर माझं नाव सांग."
पहिल्यांदा चौघं-पाचजणं अडखळली. दुसऱ्यांदा सरसर सगळी खाली. खात्यातले कामगार बाहेर येऊन बघायला लागले. मी अगदी फुशारले.
तरी डोक्यातून जिना जात नाही. पोळी लाटताना जिना, केस विंचरताना जिना.

२७ जुलै, रवि.
बारडोलीला नणंदेकडे बारसं. हॉल वरच्या मजल्यावर, दारात चपलांचा ढीग. सगळ्या बायका पाळण्याभोवती आणि मी दारात, पायाने चपला बाजूला सारत वाट मोकळी करतेय. हे हळूच म्हणाले, "लोकांना वाटेल, चांगली जोडी निवडतेयस."
मला वेड लागायचं बहुतेक.

३० जुलै, बुध.
दुपारी खात्यातली मोटर जळली. काळा धूर जिन्यातून वर. कवायत नव्हती, खरंच. लांब घंटा. मी म्हटलं, उठा, चला. बाकी काही आठवत नाही. खोकणं, जिना, कुणाचा तरी शर्ट मुठीत.
खाली रस्त्यावर मोजली. सगळी आहेत. परत मोजली. आहेत. धूरही लवकर विरला, कुणाला काही झालं नाही. हेडसर भर रस्त्यात रुमालाने डोळे पुसत होते.
मग पायांकडे लक्ष गेलं. चिखलात सगळे अनवाणी पाय. मंदाचेसुद्धा. मला इतकं भरून आलं की काय सांगू.
आणि माझ्या पायात सँडल. दोन्ही. पट्टे लावलेले.
कधी घातले? कधी वाकले मी?
मंदाला विचारलं, सहज विचारल्यासारखं. ती म्हणाली, "तुम्ही दारात सँडल घालत होत्या ना बाई, म्हणून आम्ही मागे थांबलो."

३१ जुलै, गुरु.
शाळा भरली. हेडसरांनी प्रार्थनेला चौथीचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मंदा माझ्याकडे बघून हसली.
वर गेलो. पोरांनी दाराबाहेर चपला काढल्या, जोडी नीट लावून. आत जाऊन बसली. मी दारात उभी, सँडल अजून पायातच. सतरंजी, डबे, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं तिथेच. पोरं वाट बघतायत, बाई आत का येत नाहीत.