दहा बोटांची पोच

२ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी पाळणा तू स्वतः करणार, आणि त्यासाठी ड्रिल अन् विजेची करवत घेऊनही मोकळी झालीस, हे वाचून कपाळाला हात लावला. अगं, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलास, आता साठीत सुतारकाम? धन्य आहेस! पातं बदलताना आधी प्लग काढ. डोळ्यांना चष्मा लाव. वाचायचा नव्हे, कामाचा. अंबाडा घट्ट बांध. आणि दर पत्रासोबत दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवून पाठव. फोनवर तू मला गुंडाळतेस.

तुझा साडेनऊ बोटांचा सुतार,
दादा

११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सोबत पंजे. मोजून घे. पाळण्याचे चारही पाय कापून झाले. प्लगचं इतकं मनावर घेतलंय, की काल मिक्सरचं भांडं काढतानाही आधी प्लग काढला. लेक पोट धरून हसली. आठवा महिना आहे, हळू हस म्हटलं. आणि ऐक, मी तुझ्याही पुढची! ड्रिल चालवताना तू इथे विसरलेले लोकरीचे हातमोजे घालते. आता शाबासकी दे.

तुझ्या लाडाची,
धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस आ.

हातमोजे काढ! आधी काढ, मग पुढचं वाच. फिरत्या टोकात लोकर अडकली की ते हातासकट ओढून घेतं. ड्रिलला मोकळा हात हवा, बाह्या दुमडलेल्या.

माझ्या बोटाचं, लाकूड घसरलं असं सगळ्यांना सांगत आलो. साफ खोटं. घाईत पातं बदलत होतो, प्लग तसाच, कोपर बटणाला लागलं. लाज वाटली म्हणून बोललो नाही. रागावलो नाहीये गं, घाबरलोय.

दादा

१९ मार्च

ती. दादास सा. न.

तुझं पत्र एक दिवस उशिरा आलं. मोजा अडकलाच. तुझ्या मापाचा, मला ढगळ, म्हणून नुसता मोजाच ओढला गेला. बटण सोडलं, प्लग काढला आणि तिथेच फतकल मारून रडले. मधलं बोट सुजलंय, म्हणून या वेळी एकच पंजा. हाड शाबूत आहे, डॉक्टरांनी पाहिलं. तुला तेव्हा किती दुखलं असेल, ते आता कळलं रे.

धाकटी

२३ मार्च

चि. धाकटीस आ.

पाकिटातून एकच पंजा निघाला आणि मी पत्राची घडी न उघडताच ते खाली ठेवलं. तुझ्या वहिनीने ते वाचून दाखवलं. आता पुरे झालं. हत्यारांची पेटी घेऊन येतो, उरलेला पाळणा मी करतो.

दादा

१२ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

येऊ नकोस असं फोनवर म्हटलं म्हणून रुसलास, ठाऊक आहे. पण पाळणा झाला! नात त्यात गाढ झोपलीय. सूज उतरल्यावर उरलेली सगळी भोकं, लाकूड क्लॅम्पमध्ये आवळून, मोकळ्या हाताने पाडली, अगदी तू सांगितलंस तसं. दादा, मला इतका आनंद झालाय की काय सांगू! आता ये, पण पेटी घरी ठेवून. माझ्यावरची माया मात्र आण, आता ती दोघींत वाटायची आहे.

सोबत तीन पंजे. दोन माझे, तिसरा तिचा. तिची मूठ काही केल्या उघडेना, म्हणून तो नुसता गोळा दिसतोय. हे पत्र पुन्हा वहिनीला वाचायला लावू नकोस. दूध पिताना उघडली तेव्हा पाहिलं. दोन्ही हातांची मिळून दहाच्या दहा आहेत, तीनदा मोजली.

तुझी,
धाकटी