गोंद्याची उडी

२ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

गोंद्या आपोआप चालतो! मी बोट लावलं नव्हतं, फोन नुसता हातात धरला होता, तरी हा निघाला. वळण आलं, वळला. पायऱ्या आल्या, उतरला. मी काय करायचं? तर खड्डा आला की काचेवर कुठेही बोट टेकवायचं — उडी. आणि नाही टेकवलं तर? पडतो खड्ड्यात, पण मरत नाही. एक नाववाला येतो, काखेत धरून वर काढतो, पलीकडे ठेवतो. पुन्हा चालू. याला खेळ म्हणायचं!

मृणालिनीने पाठवलाय. माझ्या धाकट्या जावेची, अन्नपूर्णेची नात, तिच्या थोरल्या लेकीची लेक. पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत आहे. एकाच खेळाची दोन रूपं पाठवली. एकात डावीकडे दिशेची चार बटणं, उजवीकडे उडीचं आणि दगड फेकायचं. दुसरं हे असं, एका बोटाचं. गोष्ट एकच — गोंद्याने आकाशदिवा घेऊन आमच्या दूधविनायकाच्या गल्लीतून निघायचं, सांड चुकवायचे, गंगेच्या घाटाच्या तुटक्या पायऱ्या ओलांडायच्या आणि दिवा बांबूच्या टोकाला चढवायचा.

वीस तारखेच्या आत सांगायचंय कुठलं ठेवावं. "मोठी आजी, आम्ही पाचच जण आहोत गं. दोन्ही नाही सांभाळता येणार."

मग फोन ठेवता ठेवता हळूच, "पुण्याच्या आजीलाही खेळायला दिलाय."

पुण्याची आजी म्हणजे अन्नपूर्णा. तिच्याशी मी सहा वर्षं बोललेली नाही. मृणालला ते माहीत आहे. तरी बोललीच.

४ नोव्हेंबर, शनिवार

बटणांचा खेळ खेळले. पहिला सांड — मेले. पहिला सांड — मेले. अकराव्यांदा सुटले. अंगठा ठणकतोय, पण सुटले!

चौऱ्याहत्तर पूर्ण झाली मला. बँकेत एकतीस वर्षं टाइपरायटर बडवला, दहाही बोटांनी, बटणांकडे न बघता. कुणी माझ्यासाठी बटणं कमी केली नव्हती.

५ नोव्हेंबर, रविवार

मृणालने याचं नाव गोंद्या ठेवलं ते आपल्या आजीकडून ऐकून. नाव आमचं आहे. माझं नि अन्नपूर्णेचं.

त्र्याण्णव साल. भाऊजी, म्हणजे अन्नपूर्णेचे यजमान, कलकत्त्याहून टीव्ही गेम घेऊन आले. त्यांच्या धाकट्या श्रीनिवाससाठी. पिवळी कॅसेट, काळे दोन रिमोट. एक रिमोट दुसऱ्याच आठवड्यात श्रीनिवासने जिन्यावरून पाडला. मुलं शाळेत गेली की पेटी पडून असायची. एका दुपारी अन्नपूर्णा म्हणाली, "वहिनी, बघायचं का लावून?" बँकेचा संप होता, मी घरी होते. लावलं.

तो ठेंगणा माणूस इकडे न्यावा तर उडी राहायची, उडी मारावी तर चालायचं राहायचं. दोघींचंही तेच. मग ती डावीकडे सरकली, मी उजवीकडे. मांडीला मांडी लावून, एकच रिमोट मध्ये. तिचा डावा अंगठा दिशेवर, माझा उजवा उडीवर. तिने पळवायचं, मी उडवायचं. त्याला गोंद्या म्हणायला लागलो, का ते आता आठवत नाही.

सासूबाई पूजेच्या तयारीला चारलाच सोवळं नेसून बसायच्या. त्यांना ना आम्ही शिवायचं, ना त्यांनी प्लास्टिकला. त्या पलीकडे पाटावर. पण नजर टीव्हीवर! "अगं, उडी! उडी म्हणते ना!" असं ओरडायच्या की खालच्या गल्लीतला माणूस वर बघायचा. एकदा गोंद्या सातव्या दारातून पार झाला तर हातातल्या वाती टाकून टाळ्या वाजवल्या त्यांनी. मग एकदम भानावर आल्या आणि आम्हालाच रागावल्या.

मी तेव्हा रिटायर झाले नव्हते, बँकेतून सहाला घरी यायची, म्हणून रोज नाही जमायचं. रविवारी नक्की. मी निवृत्त झाल्यावर मात्र रोज चार वाजता. सासूबाई गेल्या, भाऊजी गेले, हे गेले. चार वाजता आम्ही दोघी बसायचो. त्या पेटीची किती वेळा दुरुस्ती केली असेल!

७ नोव्हेंबर, मंगळवार

डोळे दुखले म्हणून खेळले नाही. (खोटं. दोनदा खेळले.)

९ नोव्हेंबर, गुरुवार

मृणालला चार पानी पत्र लिहिलं, फोटो काढून पाठवलं. मजकूर इथे ठेवते, म्हणजे पुढे ती म्हणायला नको की आजी असं म्हणालीच नव्हती.

लिहिलं की तुमचा एका बोटाचा खेळ म्हणजे दुसऱ्याने चावून भरवलेला घास. पडणाऱ्याला पडल्याचं कळलंच नाही तर उडीची गंमत कशात? तुम्ही माणसाला सोपं देत नाही, त्याला नालायक ठरवता. आम्ही एक दार ओलांडायला तीन महिने घेतले. ते दार अजून आठवतं — हिरवं होतं, खाली दोन खिळे. तुमच्या खेळातलं काय आठवेल कुणाला? बोट टेकवलं होतं, एवढंच.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर बर्नाडेटचंही लिहिलं. पियानोच्या पट्ट्यांवर एका मुलीने खडूने आकडे लिहिले होते, सोपं जावं म्हणून. सिस्टरने स्वतःच्या रुमालाने पुसले आणि फूटपट्टी त्या मुलीच्या नाही, आमच्या सगळ्यांच्या बोटांवर ओढली.

शेवटी: बटणांचाच ठेवा. दुसरा गंगेत सोडा.

मृणालचं उत्तर एका ओळीचं. "वाचलं मोठी आजी. पुण्याच्या आजीने एका बोटाचा मागितलाय."

मागेलच. तिला कष्ट नकोच असायचे शेवटी शेवटी.

१२ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

अनारसे केले. तुपात फारसे हसले नाहीत, अखंड निघाले. खायला कोण आहे म्हणा.

आज तो दिवस. लिहूनच टाकते.

दोन हजार सतरा. वर्षभर ती खेळात मन लावत नव्हती. गोंद्या एका ठराविक खड्ड्याशी आला की ती त्याला नीट धरायचीच नाही. मागे-पुढे, मागे-पुढे, जागच्या जागी थरथरवायची, आणि मी उडी मारायची तेव्हा तो भलत्याच जागी. पडला! रोज. मला वाटलं तिला कंटाळा आलाय, पण सांगत नाही, हे असं सांगते. गप्प राहून सांगायची तिची खोडच होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बायका हळदीकुंकवाला आलेल्या, हिने अनारशांचं ताट पाडलं. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "हिच्या हातात आता काही द्यायची सोय नाही." कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी चारला तरी ती आली बसायला. त्याच खड्ड्याशी तेच. मी म्हणाले, "मुद्दाम पाडतेस तू. खेळायचं नसेल तर तोंडाने सांग, आणि रिमोट खाली ठेव."

तिने ठेवला. "बरं, वहिनी," म्हणाली.

पाचव्या दिवशी श्रीनिवास येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. दारात मला वाकून नमस्कार केला तिने. मी "सुखी रहा" म्हटलं, दुसरं काही नाही. वाटलं, करेल फोन. तिलाही तसंच वाटलं असेल.

श्रीनिवासला कधी विचारलं तर "आई मजेत आहे, काकू." प्रत्येक वेळी तेच.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा

मृणालने खेळाची चित्रफीत पाठवलीय, दोघी आज्यांची. आम्ही बटणांचा खेळ कसा खेळलो ते तिच्याकडे आपोआप साठतं म्हणे. "बघ नुसतं," एवढंच लिहिलंय. उद्या बघेन. तिची फजिती बघायला सण कशाला खर्च करू?

१५ नोव्हेंबर, बुधवार

पाहिली.

माझा गोंद्या पहिल्यांदा. घाईत पळतो, सांडावर आपटतो, उठतो, पुन्हा आपटतो. माझ्यासारखाच.

मग तिचा. गल्लीतून छान आला. खड्ड्याशी थांबला. आणि थरथरायला लागला. मागे-पुढे, मागे-पुढे. इवलाली पावलं, जागच्या जागी. दिवाही हलत होता त्याच्या हातातला. मग खड्ड्यात.

एकोणीस वेळा. मी मोजले. एकोणीस वेळा उठली, तिथपर्यंत आली, तिथेच थरथरली.

कंटाळलेलं माणूस एकोणीस वेळा येत नाही.

हीच थरथर. टीव्हीवरची. तेव्हा मला आधी रिमोटचीच शंका आली होती. चौकातल्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले होते. त्याने उघडून पाहिला, पुसला, परत दिला. "माताजी, रिमोट एकदम ठीक है. इसमें कोई खराबी नहीं." पैसेही घेतले नाहीत. आणि मी घरी येताना त्यावरून काय ठरवलं? की रिमोट चांगला आहे, म्हणजे ती मुद्दाम करते!

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मृणालला फोन केला. विचारलं, "हाताला काय झालंय तिच्या?"

मृणाल म्हणाली, "शपथ घातलीय आजीने सगळ्यांना. पण तू स्वतः ओळखलंस, म्हणजे मी सांगितलं असं नाही होत ना?"

कंपवात. डावा हात. पुण्याला गेल्यावर महिन्याभरात डॉक्टरांनी नाव सांगितलं, पण सुरुवात इथेच झालेली, वर्षभर आधी. आता डाव्या हातात पेलाही धरवत नाही. उजवा अजून बरा आहे.

"शपथ का?"

"वहिनींना कळलं तर त्या दिवशीचं बोलणं त्यांच्या जन्माला पुरेल, म्हणाली."

सहा वर्षं मी तिच्या फोनची वाट पाहत बसले होते. रागाने.

जेवले नाही. गीझर चालू राहिला तोही दुपारपर्यंत.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टर बर्नाडेटचं मी अर्धंच लिहिलं होतं. खडू पुसला त्यांनी, खरं आहे. पण मग त्या मुलीशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, तू फक्त उजवा हात वाजव, डावा मी वाजवते. पूर्ण सत्रभर. ती मुलगी मीच.

आणि आम्ही दोघी? चोवीस वर्षांत गोंद्या एकटीने चालवला का मी कधी? नाही. तिनेही नाही. एक अंगठा तिचा, एक माझा. अर्धी बटणं तिला, अर्धी मला. आणि मी पोरीला चार पानं ऐकवते की आमच्यासाठी कुणी काही सोपं केलं नाही!

१८ नोव्हेंबर, शनिवार

मृणालला दुसरं पत्र. एकच पान.

की पहिलं पत्र फाड. बटणं खुशाल कमी कर, एकावर आण. पण खड्डे बुजवू नकोस. सांड काढू नकोस. तो नाववाला तर आधी हाकलून दे. तुझी आजी एकोणीस वेळा पडून विसाव्यांदा उठणारी बाई आहे. तिचा हात थरथरतो, ती घाबरत नाही. हाताला सोपं कर. तिला सोपं करू नकोस.

आणि शेवटी विचारलं — एक गोंद्या दोन फोनवर चालतो का? चालवणं एकीकडे, उडी दुसरीकडे?

२० नोव्हेंबर, सोमवार

उत्तर आलं. एका बोटाचा ठेवणार, खड्ड्यांसकट. नाववाला गेला. पाचांतले दोघे रुसलेत, म्हणतात लोक वैतागून खेळ काढून टाकतील. वैतागू देत थोडे!

दोन फोनचं कुणी मागितलं नव्हतं, ती म्हणाली, पण घरच्यापुरतं कच्चं काहीतरी करून देते. अडखळेल. एका फोनवर फक्त चालायचं बटण, उजव्या अंगठ्याने दाबलं की चालेल, सोडलं की थांबेल. दुसऱ्यावर फक्त उडी. एकमेकींचा आवाजही ऐकू येईल.

"आजीला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं."

त्या "बरं"चा अर्थ मला आजवर कधी लागलेला नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या चार वाजता. तिला काय म्हणायचं ते कागदावर लिहून काढलं. तीनदा. तिन्ही फाडले.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

चारला पाच कमी असताना बसले, उजवीकडे सरकून. डावीकडे जागा ठेवली — कशाला कोण जाणे. बरोबर चारला माझ्या फोनवर गोंद्या आपोआप चालायला लागला. तिचा अंगठा. सरळ, संथ, जराही न थरथरता. खड्डा दिसत होता मला. पण काचेवर पाणी पडलं आणि माझी उडी राहिली.

पलीकडून सहा वर्षांनी पहिलं वाक्य आलं.

"मुद्दाम पाडलंत, वहिनी."