सूर्योदयापूर्वीचे पाणी

७ जाने., बुधवार
बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. गडी सुखराम आज पुन्हा आठ वाजता आला. उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांत, म्हणजे रोपांच्या वाफ्यांत, संध्याकाळी बोअरचे कोमट पाणी भरावे आणि रात्रीत गार झालेले पाणी सूर्योदयापूर्वी काढावे, असा माझा स्पष्ट आदेश आहे. त्याचे उत्तर : "गुरुजी, पाय सुन्न होऊन राह्यले. थोडा सूर्य निंगू द्या ना." चाळीस वर्षे मी घंटेबरोबर वर्गात पाऊल ठेवले. सबबी मला पाठ आहेत.

८ जाने.
सुखराम पावणेआठला आला. बांधावर, चार माणसांदेखत, त्याला 'कामचुकार' म्हटले. शब्द विचारपूर्वक वापरला. त्याने फावडे फेकले नाही. बांधाला नीट टेकवून ठेवले आणि निघून गेला. पंधरा वर्षांत प्रथमच.

१० जाने.
कालपासून मीच जातो. पहाटे पाच. धुके. फावड्याचा दांडा बोटांना जाणवत नाही. पायांविषयी लिहीत नाही. पाणी मात्र वेळेवर काढले, दोन्ही दिवस.
सून म्हणाली, "मामाजी, पऱ्ह्यायले घड्याळ समजते काय?"

१२ जाने.
शेंडे पिवळे.

१३ जाने.
अर्धे वाफे पांढरट झाले. शेजारच्या बांधीतले सुखरामचे स्वतःचे पऱ्हे हिरवेगार. आज मुद्दाम उभे राहून पाहिले. पाण्यावर ऊन आल्यानंतरच त्याची बायको फुला पाणी काढते. रात्रभर पाण्याच्या उबेत राहिलेली रोपे मी ऐन गारठ्यात उघडी पाडत होतो. सुखराम आठला येत होता तोवर माझीही हिरवी होती. म्हणजे तो...
पुन्हा पेरावे तर रोपांची रोवणी फार लांबेल. तोवर बोअरचे पाणी टिकणार नाही. सु.जवळ जास्तीचे पऱ्हे आहेत.

१४ जाने., संक्रांत
सुनेने तिळगुळाचा डबा हातात दिला. दु. ४ वा. सु.च्या दारात. फुलाने डबा घेतला, न उघडता ओट्यावर ठेवला. बसा म्हटले नाही.
"कायले आले जी?"
पऱ्ह्यांचे सांगितले, त्याच्याजवळचे जास्तीचे मागितले. चूक माझी, हेही सांगितले. वाक्य घरून जुळवून नेले होते, तरी मध्येच अडखळले.
"त्यायच्या टाचा फुटल्या. रक्त निंगते. कामचुकाराच्या टाचा पाहाच्या हायेत काय?"
पाहाव्यात, असे म्हणावयास हवे होते.
आतून सु.चा आवाज, माझ्याशी नव्हे, तिच्याशी : "उद्या या म्हणावं गुरुजीले. सूर्य निंगल्यावर."

१५ जाने.
पाचपासून जागा आहे. चपला घालून ओसरीत बसलो आहे. पाणी काढले नाही.
आठ वाजून गेले. धुके तसेच आहे. सूर्य दिसत नाही.